कोणी काय आणायचं

रमजान लागायच्या आधीचा शुक्रवार
असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं,
कारण मतं मागवली तेव्हा एकवीस जणांनी
सव्वीस तारखा सुचवल्या होत्या.

चार वर्षं आम्ही एकमेकांच्या बाल्कन्या ओळखतो.
माणसं नाही.
सोहारच्या रुकय्या परकारचा अळू
मी शंभरात ओळखेन, देठाशी जांभळट,
पण रुकय्या स्वतः समोरून आली
तर बाजूला सरून वाट देईन, एवढंच.
फ्लोरी डाबरे म्हणजे तोंडलीचा वेल
आणि कठड्याला बांधलेली निळी नायलॉनची दोरी.
निझव्याचे टिपरे म्हणजे मावा पडलेली मिरची;
मावा कधीच गेला, नाव राहिलं.
मी त्यांना काय म्हणून ठाऊक असेन
हे विचारायचा धीर झाला नाही.

वहीत लिहिलं:
कुरमचं हॉटेल, वरचा हॉल, माणशी सहा रियाल, गोड धरून.
ओळख पटावी म्हणून प्रत्येकानं
आपलं एक झाड कुंडीसकट आणायचं.
वीस जणांचे होकार आले.
अंकुश वाघमोड्यांचा आला नाही.

आणि त्यांच्यावाचून कसली भेट?
एसीचं ठिबकणारं पाणी फेकू नका, ते गोड असतं,
हे त्यांनी सांगितलं तेव्हा
मस्कतभर आमच्या बादल्या पाइपाखाली सरकल्या.
जूनमध्ये कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळायला,
माती चाखून खार ओळखायला
(हो, चाखून, मी चाखली आहे)
सगळं त्यांनीच शिकवलं.

चौथ्या दिवशी फोन आला, रात्री पावणेबाराला.
मागे कुणीतरी घोरत होतं,
म्हणून ते हळू बोलत होते.
ताई, सहा रियालचं काही नाही.
टँकर घेऊन दुक्मला जातो गुरुवारी,
शुक्रवारी दहाला परत रुसैलला, कॅम्पवर.
तिथून कुरम म्हणजे… पण ते राहू द्या.
झाड आणता यायचं नाही.
का?
खिडकीच्या गजाला तारेनं बांधलंय.
वीस लिटरचा कॅन, आडवा कापलेला.
एकच आहे.

फोन ठेवून मी जुने फोटो काढले.
कोथिंबीर. मेथी. मग टोमॅटो, तीन. परत कोथिंबीर.
सगळे अगदी जवळून घेतलेले.
आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तीच कापलेली कड,
पाण्याच्या कंपनीचं तेच अर्धं निळं अक्षर.
आम्ही आपले समजत होतो, मळा आहे.

कुरमवर रेघ मारली.
सकाळी सगळ्यांना कळवलं: जागा बदलली,
रुसैल, कॅम्पच्या भिंतीबाहेरचं घाफचं झाड, साडेदहा.
झाडं आणू नयेत, उन्हात हाल होतात त्यांचे.
कारण विचारलं तेव्हा म्हटलं, पार्किंग.

फ्लोरी म्हणाली, ट्रकांच्या धुळीत?
रुकय्या म्हणाली, माझ्याकडे दोन चटया आहेत,
आणि अळूवड्या मी करणारच, कुठेही बोलवा.
टिपऱ्यांनी तीनदा विचारलं, बसायचं कशावर,
आणि चौथ्यांदा स्वतःच म्हणाले,
खुर्च्या टाकतो गाडीत.

वाघमोड्यांना सांगितलं, तर थोडा वेळ गप्प.
मग म्हणाले, बाराला सावली भिंतीकडे सरकते,
चटया पूर्वेला घाला.
मग, मी काय आणू?

पोहे माझे आहेत, मी म्हटलं.
वरून कोथिंबीर लागेल.

एकवीस जणांना, ते म्हणाले.
मनात मोजत असावेत, कॅनची लांबी, रुंदी.
दिवस किती?
तेहतीस.
धणे आज रगडून भिजत घालतो.
होईल. थंडी टिकली तर.

तेव्हापासून मी रोज ऑफिसला निघताना
आधी रुसैलचं तापमान बघते.