अठरावं पान

जागृतीबेननं पलंगावर मखमलीचा तुकडा पसरला,
त्यावर पानं, सगळी पालथी.
कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर दुपारचे तीन,
कढीच्या फोडणीचा वास अजून भिंतींना.
नवीनच शिकलीय ती हे.
'कुमुदबेन, प्रॅक्टिस करवा दो,
एक पत्तुं काढो.'

काढलं. चंद्र निघाला.
'अर्थ मी सांगीन,' ती म्हणाली,
'तमे फक्त कहो, शुं देखाय छे.'

आणि माझा हात आपोआप वर गेला.
पान ट्यूबलाइटसमोर धरलं मी,
जणू त्यातलं काही आरपार दिसणार होतं.
ती हसली. मीही.
एकतीस वर्षं. सरकारी दवाखाना, खोली नंबर नऊ.

लाल दिव्याखाली ओल्या फिल्मा चिमट्यांना टांगायच्या,
हायपोचा आंबूस वास रविवारीसुद्धा
साडीच्या काठातून जायचा नाही.
श्वास लो. रोकी राखो. छोडी दो.
माणसं बटणं लावता लावता विचारायची,
बेन, काय दिसतंय?
मला दिसायचं.
मी म्हणायचे, रिपोर्ट डॉक्टर देतील.
एकदा फिल्मच्या कोपऱ्यात माझंच माहेरचं आडनाव होतं.
भाऊ शर्ट खोचत उभा. त्यालाही तेच सांगितलं,
वर कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला.

तर, दिसतं ते असं.
चंद्राला तोंड आहे, एका बाजूनं काढलेलं,
नजर खाली, बोलायचं टाळणाऱ्या माणसासारखी.
थेंब गळतायत. मोजले, पंधरा.
दोन बुरूज. एक कुत्रा,
आणि एक जो कुत्रा नाही,
पण दोघांच्या माना सारख्याच वर.
मधून एक वाट, बारीक बारीक होत डोंगरात शिरते.
खाली डबकं.
डबक्यातून काहीतरी वर येतंय,
नांग्या आधी, मग पाठीचं कवच,
अर्धं अजून पाण्यातच.

जागृतीबेननं पुस्तकात बोट घातलं:
भ्रम. भीती. दडवलेलं. दगा.
थांब, म्हटलं मी.
विश्वामित्रीला पूर आला तेव्हा
आपल्या पार्किंगमध्ये मगर आली होती, आठवतं?
जयंतीभाईंच्या स्कूटरखाली, शेपूट चाकाला टेकवून.
पोरं गच्चीवरून टॉर्च मारत होती,
तळमजल्यावर कुणी अगरबत्ती लावली,
कुणी म्हणालं, अपशकुन.
वनखात्याच्या एका पोरानं तिच्या डोळ्यांवर
ओलं पोतं टाकलं, आणि ती गप्प झाली.
तिला कुणाला काही सांगायचं नव्हतं गं.
पाणी चढलं, म्हणून ती वर आली.
हे नांग्यांवालंही तसंच.
ते कशाची खूण नाही.
आधीपासून होतं, आता दिसतंय.

जागृतीबेन काही बोलली नाही.
पुस्तक मिटलं, बोट आतच राहिलं.
मग तिनं मखमलीचा कोपरा उचलला.
खाली तपकिरी लिफाफा होता, मोठा,
अलकापुरीतल्या लॅबचा शिक्का,
बॉलपेननं तिचं नाव, स्पेलिंग चुकलेलं.
'आ पण जोई आपशो?'
आणि जरा थांबून,
'छोकराने हजी कह्युं नथी.'

पानं गोळा करायला लागले मी, उगाच.
मग ठेवून दिली.
खिडकीचा पडदा बाजूला केला.
फिल्म ओढून काढली, कडांना धरून,
तोच जुना थंड, लवचिक आवाज.
सवयीनं आधी नाव वाचलं, मग तारीख,
मग कोपऱ्यातल्या चिमुकल्या अक्षरावरून
उजवं कुठलं ते पक्कं केलं.

ती श्वास रोखून बसली होती.
'छोडी दो,' म्हटलं मी.