गुरुवारचा समुद्र

भोसरीत समुद्र नाही.
म्हणून तो आम्ही दोन टाक्यांत भरलाय:
एक छपरावरच्या काळ्या नळ्यांतून तापून येणारी,
दुसरी तांबोळींच्या बर्फाच्या लाद्यांनी गार.
सव्वीस आणि सहा.
मधल्या वीस अंशांवर आमचे पगार निघतात.

पाणी खारंच हवं, अहवालात तसं लिहिलंय,
म्हणून मिठाची पोतीही आणली.
ढोबळे फिटरने बोट बुडवून चाखलं,
म्हणाला, मॅडम, आमटीला चाललं असतं.
तो ओतूरचा. समुद्र पाहिलेला नाही.

त्याला सांगते, वरचं पाणी ऊन पितं,
आणि हजार मीटर खाली
उन्हाचा निरोपसुद्धा पोचत नाही.
दोघांमध्ये अमोनिया धावतो,
इकडे उकळतो, तिकडे निवतो,
जाता जाता चक्र फिरवतो.
म्हणजे आमची विहीर, ढोबळे म्हणतो,
वैशाखात वरच्या पायरीला कोमट
आणि बुडी मारली की कानशिलं बधिर.
प्रस्तावनेची चार पानं
मी उगाच लिहिली.

हिशेब मात्र ओशाळवाणा.
शंभरातले तीन हाती येतात
आणि त्यातलाही मोठा घास पंप गिळतो.
तळ वर ओढायचा, तर तळाचं वजन आलंच.

म्हणून छपरावर पॅनेल.
म्हणून शेडच्या कोपऱ्यावर ती तीन पात्यांची भिंगरी,
चाकणकडून वारं आलं तरच मनावर घेणारी.
दिवसा पंप उन्हाने ओढावा,
तिन्हीसांजेला वाऱ्याने,
आणि समुद्राने आपलं मंद, न खंडणारं काम
रात्रभर चालू ठेवावं.
खांदेपालट. कागदावर इतकंच.

गुरुवारी एमआयडीसीची वीज जाते.
शेजारच्या गाळ्यातला प्रेस गप्प होतो,
पहिल्यांदाच कावळे ऐकू येतात.
तेव्हाच चाचणी घेतो आम्ही,
ग्रिडचा टेकू नको म्हणून.

अकरा चाळीसला ढग आला.
भिंगरी ढिम्म.
बॅटरीवर पंप धापा टाकत राहिला,
पण काटा घसरतच गेला,
ढगाच्या हिशेबापेक्षा जास्त.
मी आकडे पुन्हा मांडले.
पुन्हा मांडले.

तेवढ्यात तांबोळी स्वतः आले,
टेम्पोत गोणपाटाखाली सोळा लाद्या.
दारातच थबकले, मान वर केली.
"गळतंय तुमचं. डावीकडचा जोड."
मीटर काही बोलला नव्हता.
पण बर्फाचा कारखानाही अमोनियावरच चालतो,
एकतीस वर्षं तोच वास त्यांच्या शर्टाला.
ढोबळेने पाना लावला, पाव फेरा, आणखी थोडा.

काटा चढला.
नऊ वॅटचा दिवा, आधी नुसता लालसर विचार,
मग दिवा.
अकरा मिनिटं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात ओले होते.

नोंदवहीत लिहिलं: गळती, डावा जोड.
"शोधण्याचे साधन" या रकान्यात
थोडं थांबून: नाक.

तांबोळी टाकीच्या कडेला हात ठेवून उभे.
"बिल भरून भरून जी थंडी मी बनवतो,
ती तिथे खाली
नुसतीच पडून आहे?"
मी हो म्हटलं.
"कधीपासून?"

ढोबळेने उरलेली लादी फोडली,
कोकम काढलं,
आणि पोत्यातल्या समुद्रातून
चिमूटभर मीठ.