दुसरं पेर

काचपट्टीवर सांध्याचं अस्तर,
केसाहून पातळ कापलेलं.
जांभळ्या रंगात बुडवून काढलं
की त्या दिसतात,
रक्तवाहिनीच्या कडेनं दाटीवाटीनं बसलेल्या पेशी.
डॉक्टर तावेत म्हणतात, या आज आलेल्या नाहीत.
कधीतरी कशाच्या तरी हाकेला धावल्या,
हाक विरली, या परतल्याच नाहीत.
औषधानं डुलकी घेतात,
औषध थांबलं की त्याच सांध्यात, त्याच पेरात
जाग्या.
कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं
तर या कुंपणाला खुन्नस नाही,
नुसती आठवण आहे.

नमुन्यावर नाव नसतं. आकडा,
वय एकसष्ट, उजवा हात,
धंदा: पियानो लावणे.

मार्चात, एमायोगीचा काठ अजून गोठलेला,
हेल्वेबाई आमच्या घरी आल्या.
उजवा हातमोजा निघायला वेळ लागला.
'अकराच्या आत मी कुणाकडे जात नाही,' म्हणाल्या,
'बोटं उशिरा उठतात.'
मी चहा ठेवला. कपाचा कान
त्यांनी डाव्या हातानं धरला.

मधल्या सप्तकातली एक तार
तीनदा वर ओढली त्यांनी.
'दरवर्षी हीच उतरते.
शेजारच्या दोघी बघा कशा गुणी.'
मग लाकडाला कान लावून
रुसलेल्या पोराशी बोलावं तसं
तिच्याशी काहीतरी पुटपुटल्या.

तुमचं बोट मी आतून पाहिलंय,
हे ओठांवर आलेलं
मी साखरेबरोबर ढवळत राहिले.