कुत्रा काढल्यानंतर

माझं ऑफिस किल्ल्या बनवणाऱ्या दुकानाच्या वर.
दिवसभर खालून पितळ घासल्याचा आवाज,
आणि वर मी लोकांना सांगत बसते
की दार अजून नीट उघडत नाही.

फर्गल ब्रेस्लिन किलिबेग्जहून बसने डब्लिनला आला,
मांडीवर हस्तलिखित,
पावाच्या पिशवीत गुंडाळलेलं.
एकतीस वर्षं ट्रॉलरवर स्वयंपाकी,
कादंबरी पहिलीच, पानं चारशे अठरा.
मी म्हटलं, तीनशेत बसवू या.
तो म्हणाला, नऊ माणसांचं जेवण
पाच बटाट्यांत भागवलंय मी, बाई. बसवू.

बसवलं.
वादळ दोनदा होतं, एकदाच ठेवलं.
पाद्री गेला. लिव्हरपूलची मावशी गेली,
तिच्यासोबत तिचा तो सुंदर निळा कोटही.
'जणू' एकशे सहा वेळा आला होता.
त्याने माशातले काटे काढावेत तसा
एकेक वेचून काढला,
आणि फोनवर म्हणाला,
चार राहिलेत, तेवढे अडकू देत कुणाच्या तरी घशात.

मग मी कुत्र्यापाशी आले.
स्कॅडन. आमच्या आयरिशमध्ये हेरिंग मासा.
म्हातारा, एका कानाने बहिरा,
स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडलेला,
पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत
काहीएक न करता.
समासात मी पेन्सिलीने लिहिलं: याचं इथे काय काम?
चार शब्द. फर्गल ते बराच वेळ वाचत राहिला.
मग चष्मा काढून स्वेटरला पुसला.
बरोबर आहे तुमचं, म्हणाला,
काम तसं काहीच नव्हतं त्याला.

पाचवा खर्डा नोव्हेंबरात आला.
दोनशे शहाण्णव पानं, घट्ट विणीची,
कुठे बोट शिरू नये अशी.
कुत्रा नव्हता.

पण चाळिसाव्या पानावर थोरली मुलगी
गरम पातेलं घेऊन दारातून जाताना
पाय जरा उंच उचलते.
एकशे तीनवर ते दार कुणीच पुरतं लोटत नाही.
आणि बाप गेला त्या रात्री
सगळे भिंतीलगत दाटीवाटीने उभे,
उंबऱ्याजवळची फरशी मोकळी,
तिच्यावर पाऊल ठेवायचं
कुणाच्या मनातही येत नाही.

मी पेन्सिल उचलली.
राहून गेलं, की ठेवलंय?
फोन लावला. तो धक्क्यावर होता,
अर्धे शब्द वाऱ्याने नेले.
हाती लागलं ते एवढंच:
"...सवय असते हो घराला."

सोमवारी नऊ प्रकाशकांना पाठवलं.
सोबतच्या पत्रात दोन बहिणी, एक बुडालेली बोट,
एक कर्ज, एक न उघडलेलं पत्र.
मोकळ्या फरशीबद्दल काय लिहिणार?
पेन्सिल मात्र मी परत पेल्यात ठेवली होती,
टोक न झिजवता.

तिसऱ्या आठवड्यात लंडनहून पहिलं उत्तर आलं.
आवडलंय. फार आवडलंय.
फक्त ते घर, का कोण जाणे, ओकंबोकं वाटतं,
एखादा प्राणी घालता येईल का त्यात?
समजा, मांजर.

फर्गलला अजून कळवलेलं नाही.
खाली कुणाची तरी किल्ली घासली जातेय,
अजून थोडी, अजून थोडी.