चमचा विचारात पडेपर्यंत

गोयचायमध्ये नोव्हेंबरात
डाळिंब कुणाला द्यायचं
हा प्रश्नच विचारायचा नसतो.
ज्याला द्यावं त्याच्या अंगणात चार झाडं.
ज्याला अंगण नाही
त्याच्या मेहुण्याची बाग.

तरी परवा पहाटे, कुत्रं उठायच्या आत,
झिवरबाईंच्या उंबऱ्यावर दोन बादल्या ठेवून पळालो.
एकोणसत्तराव्या वर्षी, चोरासारखा.
उजाडल्यावर दार उघडतो
तर माझ्या उंबऱ्यावर तीन.
त्यातल्या दोन माझ्याच.

उललेली आधी.
ती थांबत नाहीत, मुंगळे त्यांना थांबू देत नाहीत.
गांजाच्या बसवर तीस वर्षं ओरडलो,
उतरणाऱ्यांना आधी वाट द्या.
तेच इथे.

दाणे काढताना गुलेंदाम
अर्धं फळ तळहातावर उपडं धरून
पाठीवर लाकडी चमचा मारायची, बोलणं न तोडता.
मी मारला तर भिंतभर शिंतोडे,
एक बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकावर.

मग नारशराब.
नावात शराब आहे, बाटलीत नाही,
माशावर ओतायचा काळा आंबट पाक.
वीस किलो फळ, तांब्याची कढई, दिवसभर चूल,
आणि शेवटी बाटली भरते न भरते.
कधी उतरवायचं?
तिच्या वहीत एकच ओळ:
चमचा विचारात पडेपर्यंत.

चमचा विचारात पडला
तेव्हा मीही पडलो होतो.
धूर आला तेव्हा कळलं.

झिवरबाई वासावर आल्या.
कढई बघितली, मला बघितलं,
हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं.
"फेकू नका. साली टाका, पाणी टाका,
एक गंजका खिळा टाका."

तीन दिवसांनी त्यात बुडवला
माझा नोकरीतला सदरा.
कधीकाळी आकाशी,
मग कुठल्याच रंगाचा न उरलेला.
बाहेर आला तो
ओल्या डांबराच्या रंगाचा.
वाळत टाकला आणि बराच वेळ
त्या रस्त्याकडे बघत बसलो.

हात मात्र मनगटापर्यंत काळे.
साबण हरला, लिंबू हरलं, रॉकेलसुद्धा.
हात दाखवून अवलक्षण कशाला,
म्हणून चायखान्यात खिशात घालून बसलो,
चहा निवू दिला.

समोर अगाबाला. त्याचाही चहा निवलेला.
कोपऱ्यात शाळेचे मुख्याध्यापक,
काखेत हात, जणू थंडी वाजतेय.
पोऱ्या ट्रे घेऊन आला.
ट्रे धरायला बोटं लागतात.
काळी.

मग एकेक हात टेबलावर आला.
कुणी काही बोललं नाही.
साखरेचा खडा दातात धरून अगाबाला म्हणाला,
"बादल्या हव्यात का रे तुला?
माझ्याकडे पाच पडल्यात."

रिकाम्या, असं काही तो म्हणाला नाही.