डिस्प्ले बदलल्यावर

टच बघावा म्हणून बोट फिरवलं
तर गेम उघडला, मधेच थांबलेला.
पूर. एक नाव. काठावर बहीण.
स्क्रीनवर दोन चौकोन:
तिला हात दे.
इंजिन सुरू कर.
खाली बारीक अक्षरात,
तुमचा निर्णय लक्षात ठेवला जाईल.

फोन पूर्णेच्या इर्शादचा.
"उद्या येतो की" म्हणून गेला, अठरा दिवस झाले.
पावतीवरचा नंबर लावला,
माझ्याच हातात वाजला.

मी गेम खेळत नाही.
परभणीच्या स्टेशन रोडवर मला विचारायचे असतात
ते पर्याय वेगळे: ओरिजनल टाकू का कॉपी,
काच का अख्खा फोल्डर.
एका वर्षी नांदेडच्या कॉलेजचा फॉर्म
खिशात घेऊन फिरलो, तारीख जाईपर्यंत.
तेव्हा खाली काही लिहून आलं नव्हतं.

रात्री शटर पाडायच्या आधी
त्याला चार्जिंगला लावतो.
नाव हलते. तिचे केस उडतात,
थांबतात, परत तसेच उडतात.
माझं बोट काचेच्या वर,
केसभर अंतरावर.

टच एकदम मस्त चाललाय,
तेवढं सांगायचंय त्याला.