गनमेटलचा बुश

शाल्मली निमजे आली मे महिन्याच्या भर दुपारी,
ओढणीत गुंडाळलेला झिजका बुश घेऊन.
काका, बोट लंगकावीला यार्डात अडकली,
टेकूंवर, पाण्याबाहेर, रोजचं भाडं चालू.
तिथला मिस्त्री म्हणे, सामान जर्मनीहून येईल,
सण झाल्यावर.
कोणता सण, ते त्यानं सांगितलं नाही.

बोटीचं नाव कन्हान.

म्हटलं, पितळेत देऊ करून?
नको, म्हणाली, समुद्र पितळेतलं जस्त खातो,
मग उरते ते बिस्किटासारखं मोडते.
छत्तीस वर्षं लेथवर उभा आहो मी गांजाखेतात,
मले हे कोणी सांगितलं नव्हतं.

गनमेटलचा तुकडा काढला, चक आवळला.
कूलर गरम हवाच फेकून राहिला होता.
ती सांगून राहिली होती लंगर, भरती,
एकोणीस दिवस न दिसलेली जमीन,
अन् मी मायक्रोमीटर पाहून राहिलो होतो.
केसभर सैल ठेवा, म्हणाली,
तिथं पाणीच वंगण.

जुलैत फोटो आला. बोट पाण्यात.
लई मोठा करून पाह्यला,
बुश कुठं दिसते? आतमध्ये असते तो.

तेव्हापासून खिडकीत चहाचे दोन कप आहेत,
दोन्हीत मिठाचं पाणी.
एकात पितळ, एकात उरलेलं गनमेटल.
बायको म्हणते, फेका ते.
कप तिच्या माहेरचे आहेत, खरं आहे तिचं.
मी पाणी बदलतो, दर रविवारी,
नागपूरच्या नळाचं, मूठभर मीठ टाकून,
अन् बोटानं दाबून पाह्यतो
पितळ.